ग्रँट संपल्यावर काय?
रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे नुसत्या शिक्षेऐवजी झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणारा न्याय, विद्यापीठात शिकवण्याबद्दलचा लेख वाचला. व्हरमाँट लॉ स्कूलला २०२० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ३० लाख डॉलर दिले, त्यातून रिस्टोरेटिव्ह जस्टिसचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं, हे लेखात छान आलंय, पण ग्रँट संपल्यावर काय यावर एक ओळ तरी हवी होती. हा विषय नुसता पुस्तकातून शिकवता येत नाही हो, ज्याचं नुकसान झालं आणि ज्याने केलं त्यांना समोरासमोर बसवायचं म्हणजे आधी दोघांशी वेगवेगळं कितीतरी बोलावं लागतं, ते करणारी माणसं घडायलाच वर्षं जातात. कॅनडात डलहौसी विद्यापीठात २०१४ ला डेंटलच्या मुलांनी वर्गातल्या मुलींबद्दल फेसबुकवर घाणेरडं लिहिलं तेव्हा बऱ्याच मुलींनी हाच मार्ग निवडला, काम काही महिने चाललं.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं (टिस) 'प्रयास' १९९० पासून कैद्यांसोबत काम करतंय, आणि त्याच टिसमध्ये जून २०२४ ला टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या निधीवरच्या शंभरावर लोकांना नोकरी संपल्याची पत्रं गेली, निधीचं आश्वासन मिळाल्यावर मागे घेतली. अशा टांगत्या तलवारीखाली कोण शिकवणार? निदान दोन-तीन पदं विद्यापीठाने स्वतःच्या बजेटमधून कायम भरावीत, ग्रँट वर्कशॉप आणि स्कॉलरशिपला वापरा ना.