प्रोजेक्टर येतो का रे तुला?

न्यू जर्सीतल्या भारतीय किराणा दुकानात पोह्यांच्या फळीसमोर उभी राहून एखादी अनोळखी बाई मराठीत पुटपुटत असेल, तर शहाण्या माणसाने निमूट डाळींकडे वळावं. मी थांबलो.

"मेले जाडे की पातळ, कळेल तर शपथ," बाई म्हणाली.

"मावशी, हे जाडे. कांदेपोह्यांना हेच लागतात."

"कांदेपोहे कोण करतंय? मलिदा करायचाय."

मी पेणचा. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं घालून प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा कोण करतं, हे मला कुणी सांगायला नको. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात ज्यांना शनवार तेली म्हणायचे, त्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या गोष्टी आजीकडून ऐकतच मी मोठा झालो. ही मावशी अलिबागजवळची. १९६७ साली, अकरा वर्षांची असताना आईबापांबरोबर इस्रायलला गेली. दिमोनाला वाढली, अश्दोदला संसार केला आणि आता लेकीकडे इथे. तिचं मराठी मात्र १९६७ सालीच मुरंब्यासारखं बरणीत भरून ठेवलेलं. पाच मिनिटांत तिने माझं गाव, आडनाव, पगार सोडून बाकी सगळं काढून घेतलं आणि विचारलं, "कॉम्प्युटरात आहेस म्हणजे प्रोजेक्टर येतो का रे तुला?"

"येतो," मी म्हणालो. त्याला आता तीन वर्षं झाली.

मावशी इथल्या ज्यू कम्युनिटी सेंटरच्या सिनेमा समितीवर आहे. ही समिती महिन्यातून एकदा इस्रायली सिनेमा दाखवते. मावशीच्या भाषेत 'बोलपट', हा तिच्या वडिलांचा शब्द. अशा समित्या अमेरिकेत गावोगाव आहेत. आपली मराठी मंडळं जशी मुलांना मराठी कळावं म्हणून नाटक ठेवतात आणि नाटकाला मुलं सोडून सगळे येतात, तसंच तिथे. नातवंडांना हिब्रू ऐकायला मिळावं हा हेतू, आणि प्रेक्षकांचं सरासरी वय पंचाहत्तर.

पहिली अडचण वेळेची. शनिवारी सूर्य मावळून आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. तोवर धार्मिक मंडळी गाडी चालवत नाहीत, दिव्याच्या बटणालाही हात लावत नाहीत. डिसेंबरात ठीक; साडेचारला अंधार पडतो. पण जूनमध्ये इथे सूर्य साडेआठपर्यंत आकाशात रेंगाळतो. तारे दिसणार, मग माणसं निघणार, पार्किंग शोधणार, एकमेकांना "शावुआ तोव" म्हणणार, म्हणजे "आठवडा चांगला जावो", आणि हे एकदा म्हणून कुणाचं भागत नाही. दिवे मालवतात पावणेदहाला. सव्वादहाला मागच्या तीन रांगा घोरत असतात. घोरण्याला मात्र भाषा लागत नाही.

त्या घाईत केबली जोडत बसणं अशक्य, म्हणून सगळी जुळणी दुपारीच व्हायला हवी. शब्बाथ न पाळणारा समितीतला एकमेव माणूस मी. पण गंमत अशी, की शब्बाथच्या दिवशी दुसऱ्या धर्माच्या माणसालाही "माझं हे काम कर" असं सांगायचं नसतं. अध्यक्ष काका कर्मठ. ते शुक्रवारी दुपारी फोन करून नुसती माहिती देतात. "उद्या चारला हॉल उघडा असेल हं. स्क्रीन तळघरात आहे. मी काही म्हणत नाहीये." चतुर्थीला आमच्या सासूबाई "मला काही नको ग" म्हणतात आणि घरातल्याने गुपचूप साबुदाणा भिजत घालायचा असतो. त्या शाळेत मी पंधरा वर्षं काढली आहेत. चारला स्क्रीन वर आलेली असते.

दुसरी अडचण माझ्या बायकोची. पहिल्या खेळाला तिने डबाभर भाजणीची चकली दिली. दारात रखवालदाराने लॅपटॉपची पिशवी तपासली, डबा उघडून आत बॅटरीचा झोत टाकला. बाहेर पोलिसांची गाडी उभी असते. ती का असते हे कुणी विचारत नाही, सांगतही नाही. चकली रखवालदाराकडून सुटली, पण स्वयंपाकघराच्या दाराशी अडकली. तिथलं स्वयंपाकघर कोशर, घरून केलेलं काही आत चालत नाही. बायको खवळली. "आपलं शुद्ध शाकाहारी, तरी नाही चालत?" मी म्हटलं, अगं, सोवळं आहे ते. पुढे एक अक्षर बोलावं लागलं नाही. आजीच्या ओवरीतून ओल्या पंच्याने पळवलं गेलेल्या माणसाला कोशर समजायला अर्धं मिनिट पुरतं. चकल्या मी गाडीत बसून रखवालदाराबरोबर खाल्ल्या.

तिसरी अडचण खरी माझी: डिस्क. हल्ली बरेच सिनेमे वितरकाकडून लिंकने येतात. हॉलमध्ये दाखवायचे तर वेगळी परवानगी आणि वेगळी फी. हे समितीला मान्य, मावशीला अमान्य. "पैसे देऊन विकत घेतला ना? मग आपल्या घरात दाखवू नाहीतर हॉलात!" फी भरूनही जुने सिनेमे लिंकवर मिळत नाहीत, तेव्हा कुणाच्या तरी सुनेने तेल अवीवहून बॅगेत घालून आणलेली डिस्क माझ्या हातात येते. जगाचे डीव्हीडीवाल्यांनी पाडलेले तुकडे मला तेव्हाच पाठ झाले: अमेरिका विभाग १, इस्रायल २, आपण भारतीय ५. विभाग २ ची डिस्क इथल्या प्लेअरमध्ये घातली की तो शत्रुराष्ट्राचा पासपोर्ट पाहिल्यासारखा ती बाहेर फेकतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण आयुष्यात फक्त पाच वेळा. सेंटरच्या कॉम्प्युटरवर माझ्याआधीच्या स्वयंसेवकांनी चार वेळा बदलून ठेवला होता. पाचव्या वेळी बोट उचलताना मला कन्यादान करतोय असं वाटलं.

आणि सबटायटल्स! हिब्रू उजवीकडून डावीकडे, इंग्रजी डावीकडून उजवीकडे. फाइल जरा बिघडली की प्रश्नचिन्ह वाक्याच्या आधी येऊन उभं राहतं, मुंजीत मुलाच्या आधी मामा यावा तसं. बिघडली नाही तरी सुख नाही. हॉलमध्ये तीस इस्रायली, शंभर अमेरिकन. सबटायटलमध्ये न उतरलेल्या विनोदाला इस्रायली हसतात. अमेरिकन विचारतात, काय म्हणाला? तीस जण एकदम समजावतात, तीस तऱ्हांनी. तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी मेलेलं असतं आणि शंभर जण आधीच्या विनोदाला हसत असतात. माझ्याशेजारी मावशी, खास माझ्यासाठी मराठीत. तिचं भाषांतर सोवळ्यातलं. नायक दीड मिनिट शिव्या देतो, मावशी सांगते, "रागावलाय."

सिनेमांचं म्हणाल तर मला ते आवडायला लागले, हे कबूल केलं पाहिजे. २००४ चा 'उश्पिझिन' पाहिला. त्यात गरीब धार्मिक नवरा हजार शेकेल मोजून सुक्कोथ या ज्यू सणाच्या पूजेसाठी निर्दोष एत्रोग आणतो आणि घरी टपकलेला पाहुणा ते लिंबू समजून सॅलडमध्ये चिरून टाकतो. मावशी कुजबुजली, "एत्रोग म्हणजे आपलं म्हाळुंग रे." त्याबरोबर माझ्या पोटात खड्डा पडला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं म्हाळुंग कुणी कोशिंबिरीत घालावं? त्या रात्री सबटायटलविना सगळं कळलं.

दिग्दर्शक एफ्राइम किशोनचा १९६४ चा 'सल्लाह शबाती' ठेवला तेव्हाची गोष्ट. ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलेला हा पहिला इस्रायली सिनेमा, आणि तिशीही न गाठलेला नट टोपोल त्यात लेकुरवाळा म्हातारा झालाय. निर्वासितांच्या छावणीतल्या या सल्लाहला झाडं लावायचं काम मिळतं. अमेरिकन देणगीदार जोडपं 'आपलं' जंगल बघायला येतं, त्यांच्या नावाची पाटी रोवलेली असते, ते कौतुकाने फोटो काढतात. त्यांची गाडी वळली की पाटी उपटून पुढच्या देणगीदाराची पाटी! इस्रायली तीस जण खुर्च्यांवरून पडायचे बाकी. उरलेले शंभर गप्प. कारण या शंभरांनी लहानपणी देणगीच्या निळ्या डब्यात नाणी टाकून तिकडे झाडं लावलेली. दिवे लागल्यावर एक आजोबा शांतपणे उभे राहिले. "माझ्याकडे १९५८ सालच्या झाडाचं प्रमाणपत्र आहे. ते झाड आहे का नाही, एवढंच सांगा." मी मान खाली घातली तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर पितळी पट्टी: अमुक कुटुंबाकडून सप्रेम. आमच्या गावच्या देवळात पायरीपायरीवर 'यांच्या स्मरणार्थ' आहे आणि एका पायरीवर दोन घराण्यांचा दावा आहे, ते आठवून मला हसू आलं. एकट्यालाच.

'लेट मॅरेज' आणायचा हट्ट माझा, तेव्हा त्याचं पाप माझं. जॉर्जियन ज्यू आईबाप, एकतीस वर्षांचा पीएचडी करणारा मुलगा, आणि आख्खं खानदान त्याला स्थळं दाखवत फिरतंय. घटस्फोटित बाईवर त्याचं प्रेम आहे हे त्यांना मंजूर नाही. वर्णन वाचून मला वाटलं, सदाशिव पेठेतलं कथानक. त्यात बिछान्यातला एक प्रसंग आहे, आणि दिग्दर्शकाला कसलीही घाई नव्हती, हे वर्णनात नव्हतं. हॉलमध्ये पॉपकॉर्न चावणं थांबलं. अध्यक्षकाका माझ्याकडे असे बघत होते जणू कॅमेरा मीच धरलाय. मी दहा मिनिटं पुढे उडी मारली. तत्क्षणी पहिल्या रांगेतून नव्वदीच्या आजींचा आवाज: "तिकीट पूर्ण काढलंय मी. मागे घे." घेतलं. काकांना अर्धा प्रसंग दोनदा बघावा लागला.

म्हणूनच समिती काही बिनसलं की 'द बँड्स व्हिजिट' लावते. तीन वर्षांत चार वेळा. अलेक्झांड्रियाहून आलेला पोलिसांचा बँड एका अक्षराच्या घोळाने पेताह तिकवाऐवजी बेत हातिकवा नावाच्या उजाड गावात उतरतो. पिंपळगाव बसवंतला निघालेलं वऱ्हाड पिंपळगाव जोग्याला पोचावं, तसं. इजिप्शियनांना हिब्रू येत नाही, यजमानांना अरबी धड येत नाही, म्हणून सगळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतात. इंग्रजीच जास्त झालं म्हणून ऑस्करवाल्यांनी त्याला परभाषी गटातून बाद केलं. माझ्या मते हा त्या सिनेमाचा सर्वांत मोठा गुण. सबटायटल्सची फाइल नाही चालली तरी खेळ पार पडतो, आणि नंतर कुणी भांडत नाही.

कारण भांडण हाच मुख्य कार्यक्रम. पत्रकात त्याला 'चर्चा' म्हणतात. "माझा एक छोटा प्रश्न आहे" असं म्हणून माणूस उठतो, १९४८ पासून सुरुवात करतो, आणि सातव्या मिनिटाला कळतं की प्रश्न नव्हताच. सिनेमात सैनिक असेल तर दोघं जण पुढच्या महिन्यापासून येत नाहीत. सैनिक नसेल तर "सैनिक का नाही?" यावर तेच दोघं परत येतात.

मागच्या फेब्रुवारीत मावशीने तिचा सिनेमा लावून घेतला. आवी नेशरचा २००४ चा. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'जगाच्या टोकाला डावीकडे'. साठच्या दशकाअखेरचं नेगेव्हच्या वाळवंटातलं गाव, मोरोक्कोची कुटुंबं आणि नुकती आलेली भारतीय कुटुंबं, एक बाटल्यांचा कारखाना आणि शेवटाकडे चक्क क्रिकेट. पडद्यावर परमीत सेठी आणि कृत्तिका देसाई! माझ्या आनंदाला पारावार नाही. मावशी मात्र दहाव्या मिनिटापासून धुमसत होती. "आडनाव तळकर, आणि घरात इंग्रजी? आमच्या घरात कोण बोलत होतं इंग्रजी? आई कोंबड्यांशीसुद्धा मराठी बोलायची!" पुढच्या रांगेने श्श केलं. मावशीने त्यांनाही श्श केलं.

चर्चेत पहिलाच प्रश्न आला, "भारतीय ज्यू खरंच क्रिकेट खेळायचे का?" मावशी उठली. सुरुवात इंग्रजीत केली, दोन वाक्यांनी हिब्रूत घुसली. मग दिमोनाच्या पहिल्या रात्रीशी आली. ट्रकमधून अंधारात उतरवलं, चारी बाजूंना नुसती वाळू, आणि आईने विचारलं समुद्र कुठल्या बाजूला आहे. आईचं वाक्य मराठीत आलं आणि मावशी तिथून परत फिरलीच नाही. पहिल्या सणाला हरभऱ्याची डाळ मिळेना म्हणून आईने छोले सोलून पुरण घातलं. सोलायला सगळी पोरं बसवली, शेजारची मोरोक्कन बाईही येऊन बसली. एकमेकींचा शब्द कळत नव्हता, सालींचा ढीग वाढत गेला. पोळी फुटली. आई पहिल्यांदा रडली ती त्या फुटलेल्या पोळीसाठी, तोवर रडली नव्हती. पाच मिनिटं मावशी अस्खलित अलिबागी मराठीत बोलत होती आणि एकशे तीस माणसं हूं की चूं न करता ऐकत होती. तिला कळलंच नव्हतं.

ती बसली. सगळी मुंडकी माझ्याकडे वळली.

मी उभा राहिलो आणि जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. समुद्राचं सांगितलं, छोल्यांचं सांगितलं. फुटलेल्या पोळीपाशी अडकलो, कारण पुरणपोळीला मी 'गोड डाळीची रोटी' म्हणालो आणि ते ऐकून मलाच शरम वाटली. सगळं मिळून दीड मिनिट. मागच्या रांगा जाग्या होत्या. झाडाच्या प्रमाणपत्रवाले आजोबा चष्मा पुसत होते.

"एवढंच?" मावशी मोठ्याने म्हणाली. "मी इतकं बोलले, आणि तू एवढंच सांगितलंस?"

साडेबारा वाजता आम्ही दोघं खुर्च्या घडी करत होतो तेव्हाही ती त्याच विषयावर होती. मार्चच्या पत्रकात माझ्या नावापुढचं 'प्रोजेक्टर' खोडून 'भाषांतर' छापलंय. प्रोजेक्टरसाठी नवा माणूस हवा आहे, असं खाली बारीक अक्षरात. तो मिळेपर्यंत शनिवारी चारला हॉल उघडा असेल, असं अध्यक्षकाका सांगत होते. ते काही म्हणत नव्हते.