डिशला आधी हात लावू नका, हे मी पुन्हा म्हणतो

नमस्कार.

‘डिशचा सिग्नल जातो-येतो, सुरुवात कुठून करावी’ या माझ्या लेखावर आपण एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: दोष बहुतेक वेळा डिशच्या दिशेतच असतो, वादळानंतर आपल्याकडेही तेच झालं, त्यामुळे आधी डिश सारखी करावी, मी लोकांना कनेक्टर उघडायला लावून त्यांचा वेळ फुकट घालवतो, एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा भाग) उन्हाने तापते याचा लेखात उल्लेख नाही, सूर्यामुळे सिग्नल जातो ही थाप आहे, सामान्य माणसाला छतावर चढवणं धोक्याचं आहे, टोनचा, म्हणजे बॉक्स केबलमधून एलएनबीला पाठवतो त्या इशाऱ्याचा, आकडा चुकलाय. आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य: ‘घरबसल्या चार पानं वाचून लिहिलं की असंच होतं.’

आकडा आधी संपवतो. टोन २२ किलोहर्ट्‌झचा असतो, माझ्याकडून २० लिहिलं गेलं. चूक माझी, दुरुस्त केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, एवढं तरी यावरून आपल्या लक्षात यावं.

आता ते वाक्य. मी १४ वर्षं डिश बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम केलंय. शिडी खांद्यावर, कमरेला पाने, खिशात कनेक्टरची पुडी. केबल सोलताना ब्लेड सटकून अंगठ्याजवळ खोल लागलं होतं, त्याची खूण अजून आहे. गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून काम थांबलं आणि मग लिहायला लागलो. जे लिहितो ते हाताने केलेलं असतं. हे सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. मतभेद असू द्या, पण ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या आयुष्यभराच्या कष्टांवर एका ओळीत बोळा फिरवायचा, ही कुठली रीत?

आणि गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून सांगतो: तुम्ही सुचवताय नेमकं तेच मी पहिल्या वर्षी केलं होतं. एका घरी चित्र चौकोन चौकोन होऊन तुटत होतं, आवाज अडखळत होता, मध्येच सगळं सुरळीत व्हायचं. मी वर गेलो आणि थेट डिशचे नट सैल केले. होतं नव्हतं तेवढं चित्रही गेलं. ६० सेंटिमीटरच्या डिशचा बीम जेमतेम ३ अंशांचा, म्हणजे नेमक्या रेषेपासून दीड अंश इकडेतिकडे झालं की निम्मी ताकद गेली. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. हाताने, अंदाजाने, खालून कुणीतरी ‘आलं’, ‘गेलं’ ओरडतंय त्यावर ती दिशा परत शोधायची. तीन तास लागले. आणि मूळ दोष? बॉक्सच्या मागच्या कनेक्टरमध्ये शील्डच्या, म्हणजे केबलच्या मधल्या तारेभोवतीच्या, जाळीची एक तार मधल्या तांब्याला टेकत होती. केसाएवढी बारीक. बॉक्सला जरा धक्का लागला की टेकायची, पुन्हा धक्का लागला की सुटायची. डिश पहिल्यापासून जागेवर होती. ती मी हलवली.

म्हणून ‘डिशला आधी हात लावू नका’ हे माझ्या लेखातलं पहिलं वाक्य आहे. घरबसल्या सुचलेलं नाही.

‘बहुतेक वेळा’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? तुमच्या एका घरावरून. वादळात डिश सरकली, सिग्नल गेला, तुम्ही ती सारखी केलीत, सिग्नल आला. उत्तम. पण तो ‘जातो-येतो’ नव्हता, तो गेला होता. लेखाच्या मथळ्यातच हा फरक आहे. सरकलेली डिश आपोआप जागेवर येत नाही. क्वालिटी, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ येतोय हे सांगणारा बॉक्सवरचा आकडा, एकदा पडली की पडलेलीच राहते आणि थोडं आभाळ भरलं तरी चित्र जातं. जो सिग्नल रोज ठरावीक वेळी जातो आणि आपला आपण परत येतो, त्याच्यामागे तापणारं, गार होणारं, भिजणारं, वाळणारं, हलणारं काहीतरी असतं. खांबच डुलत असेल तर वाऱ्यासरशी सिग्नल जाईल, कबूल. तिथेही उपाय नट आवळणं हा आहे, दिशा बदलणं नव्हे.

एक घर मला विसरता येत नाही. अंधार पडला की सिग्नल जायचा, तो दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर यायचा. माझ्या आधी दोघांनी येऊन डिश फिरवली होती. दोघेही दिवसा आले, दोघांनाही चित्र दिसलं, दोघेही ‘झालं’ म्हणून गेले. मी एलएनबीचा कनेक्टर फिरवून काढला आणि तळहातावर पाण्याचा टपोरा थेंब पडला. आवरण सोललं तर आतली जाळी चमकदार असायला हवी ती काळी-हिरवी झालेली. कनेक्टरच्या वर चार बोटांवर आवरणाला चीर होती आणि केबलला खाली झोळच (पाणी ठिबकून जावं म्हणून ठेवतात ते लोंबतं वळण) दिलेला नव्हता, त्यामुळे पाणी ओघळून थेट जोडात. रात्री दव मुरायचं, दुपारपर्यंत वाळायचं. स्वच्छ तांबं दिसेपर्यंत वीतभर केबल कापली, नवीन कनेक्टर बसवला, वरून रबरी टेप ताणून गुंडाळली, झोळ दिला. मग डिशही पुन्हा लावावी लागली, कारण दोघांनी ती फिरवून ठेवली होती. त्या घरातल्या आजी मला म्हणाल्या, ‘इतके दिवस हे कुणी उघडून का नाही पाहिलं?’ तुमच्या प्रतिक्रियेला माझं उत्तर तेच आहे.

आणखी एक, कारण हे फार जणांना माहीत नसतं. बॉक्स केबलमधूनच एलएनबीला वीज पुरवतो: उभ्या ध्रुवीकरणासाठी (ज्या चॅनेलच्या लहरी उभ्या कंप पावतात त्या गटासाठी) १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८. गंजलेल्या जोडात किंवा फार लांब, हलक्या केबलमध्ये व्होल्टेज पडलं की १८ चे एलएनबीपर्यंत १४ पोचतात, तिला ते १३ च वाटतात आणि आडव्या गटातली चॅनेल गायब होतात. उभ्या गटातली ठणठणीत. लोक म्हणतात निम्मीच चॅनेल गेली, डिश हलली असणार. डिश हलली तर फटका दोन्ही गटांना बसतो. ही तक्रार घेऊन छतावर जाणारा माणूस चुकीच्या टोकाला पोचलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. एलएनबी तापते, तिची फ्रिक्वेन्सी सरकते, खरं आहे. पण तो मी शेवटी तपासायचा भाग मानतो. सूर्याची ‘थाप’ नाही: वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आगेमागे काही दिवस, रोज काही मिनिटं सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात सिग्नल बुडतो. छताबद्दल म्हणाल, तर लेखातली निम्मी तपासणी टीव्हीमागे बसून होते. वाचली असतीत तर दिसलं असतं.

आणि डिशकडे बघूच नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. बॉक्सच्या सिग्नल पानावर स्ट्रेंग्थ (सिग्नलची ताकद) भरपूर आणि क्वालिटी कायम शून्याजवळ असेल तर डिश बघा, समोर वाढलेलं झाड बघा. पण नट सैल करण्याआधी ब्रॅकेटवर पक्क्या शाईची खूण करा, म्हणजे निदान परत यायला जागा राहील.

तुमच्याकडे आता पुन्हा असं काही होत असेल, तर ते दोन आकडे सकाळ, दुपार, रात्र असे तीन दिवस टिपून मला लिहा. मी नक्की बघेन, राग धरणार नाही. तुमची प्रतिक्रियाही मी काढलेली नाही, काढणार नाही. ते शेवटचं वाक्य मात्र तुम्ही स्वतःहून मागे घेतलंत तर मला बरं वाटेल.