दोन टक्क्यांत पुण्य

अभिनंदन, साहेब. तुमच्या कंपनीला 5 कोटींच्या वर नफा झाला, म्हणजे आता तुम्हाला समाजाची आठवण येणं कायद्यानंच भाग आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135, अंमल 1 एप्रिल 2014 पासून. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्याला. यालाच सीएसआर म्हणतात. पूर्वी लोक हे आपखुशीनं करायचे, त्यामुळे कुणी मोजत नसे. आता मोजतात, म्हणून नीट करायला हवं. मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका लहानशा ट्रस्टचा खजिनदार आहे. टेबलाच्या अलीकडच्या, हात जोडायच्या खुर्चीवर बरीच वर्षं बसलोय, तेव्हा चार गोष्टी हक्कानं सांगतो.

पहिली गोष्ट, घाई नको. एप्रिलमध्ये समाज असतोच, पण मार्चमधल्या समाजाची गोडी वेगळी. फेब्रुवारी सरता सरता एखाद्या संस्थेत जाऊन सांगा, "31 तारखेच्या आत तीन लाख संपवायचेत, काय करता येईल?" संस्थावाले "वर्षभर कुठे होतात?" असं विचारत नाहीत. आम्ही विचारतो, "साखर किती?"

मग कागद मागा. करसवलतीची 12अ आणि 80जी प्रमाणपत्रं, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-1 नोंदणी (ही 2021 पासून सक्तीची), तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. इथवर कायदा झाला, पुढे तुमची कल्पकता. विश्वस्तांचे फोटो मागा, भाडेकरार मागा, आणि सगळं दिल्यावर "थिअरी ऑफ चेंज" मागा, म्हणजे कामातून बदल कसा घडणार याचा आराखडा. आमचे निवृत्त बँकवाले काका ते ऐकून गल्ला उघडायला निघाले होते. त्यांना वाटलं, साहेबांना सुटे हवेत.

काम निवडताना मात्र डोळस राहा. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात कामांची यादी आहे: भूक, शिक्षण, पर्यावरण, वारसा, खेळ, सगळं आहे. त्यातलं फोटोत उभं राहील तेवढंच उचला. आमच्या संध्याकाळच्या वर्गाच्या बाई महिन्याला सहा हजार घेतात आणि पाढे पाठ करून घेतात. पण पाढे फोटोत येत नाहीत. आम्ही बाईंच्या पगाराचं काढलं, की लगेच म्हणा, "प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे हो!" खरं तर ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या व्यवस्थापन-खर्चाला आहे, मुलांना शिकवणाऱ्या बाईला नाही. पण नियम वाचलेला खजिनदार दहांत एखादाच असतो, आणि ज्यानं वाचलाय तो मार्चमध्ये गप्प बसतो. विश्वामित्री नदीकाठी वृक्षारोपण तेवढं टाळा. तिथे मगरी आहेत आणि त्या फोटोसाठी थांबत नाहीत.

जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, असंही नियम म्हणतात. म्हणून जाहिरात करूच नका. "जनजागृती फलक" लावा. त्यावर वर तुमचं नाव, खाली तुमचं नाव, आणि मधे जागा उरलीच तर जागृती.

हे दोन टक्के धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा होत नाहीत, याचं वाईट वाटून घेऊ नका. वसुली दुसरीकडून होते. ज्या वस्तीत तुमच्या सिक्युरिटीवाल्यालाही कुणी उभं करत नाही, तिथे आमच्या बाईंना लोक चहा पाजतात. ही ओळख व्हायला आम्हाला वीस वर्षं लागली. तुम्हाला ती तीन लाखांत मिळते, वर पावती. काल तुमच्या धुराड्याच्या नावानं बोटं मोडणारी माणसं उद्या म्हणतात, "जाऊ दे, त्यांनी शाळेला पंखे दिलेत." शिवाय तुमच्या इंजिनिअर मुलांना एक शनिवार भिंत रंगवायला पाठवा. ती खूश होऊन परततात, नोकरी सोडायचं महिनाभर लांबवतात. त्या शाळेची ती भिंत आता इतक्यांदा रंगवून झालीय की वर्ग चहूबाजूंनी बोटभर लहान झालाय.

चेक मोठा काढा. बँकेचा नव्हे, सनबोर्डचा, सहा फुटी. आमचा रिक्षात मावेना, तेव्हा काकांनी आणि मी तो रावपुऱ्यातून डोक्यावर धरून आणला. वाटेत तिघांनी विचारलं, "अण्णा, लॉटरी?" खरी रक्कम हप्त्यांनी आली, शेवटचा हप्ता अजून "प्रोसेसमध्ये" आहे. चेक मात्र कामाला आला. ऑगस्ट 2024 च्या पुरात वस्तीतल्या वर्गात पाणी शिरलं, तेव्हा बाईंनी मुलांच्या वह्या त्याच्यावर रचल्या आणि तो झकास तरंगला. पूरग्रस्तांना मदत केली, असं तुम्ही अहवालात बेलाशक लिहा.

राहता राहिलं वाटप. सयाजीराव महाराजांनी 1906 साली अख्ख्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांचं नाव बागेला आहे, विद्यापीठाला आहे, रुग्णालयाला आहे, पण एकाही पोराच्या दप्तरावर नाही. एवढा द्रष्टा राजा, आणि ही चूक! तुमच्या माणसांनी ती केली नाही. एकशेवीस मुलं साडेनवाला अंगणात उभी केली, साहेब पावणेबाराला आले. दप्तरं वाटली, मुलांनी पाठीला लावली, आणि फोटोवाला ओरडला, "लोगो दिसत नाही!" मग सगळ्यांना दप्तरं काढून पोटावर लावायला सांगितली. शाळेच्या बेन दोनदा म्हणाल्या, "हवे छोकरांओने घेर जवा दो ने, साहेब." म्हणजे, आता मुलांना घरी जाऊ द्या ना. पण ऊन फार छान पडलं होतं म्हणे. तिसरीतल्या एका मुलीनं माझा सदरा ओढून विचारलं, "काका, रोज असंच लावायचं का?" मी साहेबांच्या घाईत होतो. हो म्हणून टाकलं.

ती संध्याकाळच्या वर्गाला येते. अजून दप्तर पोटावरच लावून येते, लोगो पुढे. चेन पहिल्याच आठवड्यात गेली, तिथे आईनं सेफ्टी पिन लावलीय. यंदाच्या अहवालाला फोटो कमी पडला तर कळवा, बॅनरचा खर्च वाचेल. पिन लोगोच्या बरोबर मधोमध आहे, तेवढी संगणकावर पुसून घ्यावी लागेल.