‘पोहता येतं ना, मग भीती कसली?’ : सहलींच्या दिवसांत फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

शाळांच्या सहली आणि स्काउट-गाइडच्या छावण्या सुरू झाल्या की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरतो. थोडक्यात असा: “आम्ही कोकणातली पोरं समुद्रातच वाढलो. ना फॉर्म, ना जॅकेट. आम्हाला काही झालं नाही. विंचू चावला तर कांदा चोळायचो. आता कॅम्पला दहा कागद लागतात आणि पोरं पाण्यात पायसुद्धा बुडवत नाहीत. पावसाळा सोडला तर किनाऱ्यावर भीती कसली? पोहता येणाऱ्याला समुद्र बुडवत नाही. गावातला एक माणूस बरोबर घ्या, बास.” मग पालक स्काउटमास्तरांना विचारतात, एवढं अवडंबर कशाला? म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“पावसाळा सोडला तर भीती कसली?” 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता. जुलैत समुद्राचं रूप बघूनच माणूस लांब राहतो. फेब्रुवारीत तो बोलावतो, आणि बहुतेक सहली तेव्हाच निघतात. शिवाय दूर दक्षिणेकडच्या महासागरात उठलेल्या लांबलचक लाटा कधी कधी निरभ्र आभाळाखालीही आपल्या किनाऱ्यावर येऊन थडकतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी ते बघायला पाच मिनिटं पुरतात.

“पोहता येणाऱ्याला समुद्र बुडवत नाही.” मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हे. मुलं पोहायला शिकतात विहिरीत, नाहीतर तलावात. तिथलं पाणी माणसाला कुठे ओढून नेत नाही. किनाऱ्यावर लाटांनी आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. हा ओढा ओळखायचा कसा? दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस होतोय आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, गडद दिसतोय, तर बहुधा तोच. नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते आणि तो मुलांना तिथेच उतरवतो! त्यात सापडलेला पट्टीचा पोहणारा किनाऱ्याच्या दिशेनं हात मारत राहतो, ओढ्याशी झुंजतो आणि दमतो. बुडवतं ते हे दमणं. खरं तर अशा वेळी तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्याच्या बाहेर पडायचं. पोरांना हे कोरड्या वाळूवर उभं करून, करून दाखवावं लागतं.

आणि एक. मित्र बुडताना पाहून दुसरा उडी घेतो, मग तिसरा. प्रत्येक पथकाकडे दोर असतोच, गाठी शिकवायला आणलेला. तो पाण्याच्या कडेला तयार ठेवा. दोर फेका, बूच लावलेला रिकामा कॅन फेका, पण आत जाऊ नका.

जॅकेटचं थोडक्यात: मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर सरकतं. मापाचं नसेल, बकलं तुटलेली असतील, तर त्या होडीत मुलांना बसवू नये. होडीवाला कितीही ओळखीचा असो.

“आम्हाला काही झालं नाही.” ज्यांना झालं ते मेसेज पाठवायला उरले नाहीत. शिवाय ती पोरं एकाच पुळणीवर वाढलेली, तिथला खडक न् खडक ठाऊक असलेली. छावणीला येणारं मूल साताऱ्याचं किंवा सोलापूरचं असतं. काहींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

गावातला माणूस बरोबर घ्या, हे मात्र शंभर टक्के खरं. पण कोणता? खोल्या भाड्यानं देणारा नव्हे, रोज पाण्यात जाणारा. त्याला “इथे सुरक्षित आहे ना?” असं विचारलं तर तो पाहुण्याला बरं वाटेल तेच सांगणार. ओढा कुठे लागतो, वाळू कुठून एकदम खोल होते, उधाणाला पाणी कुठवर चढतं, हे विचारा. आणि चाळीस पोरांवर एका माणसाचे डोळे पुरत नाहीत. पाण्यात गुडघ्यापर्यंतच, जोडीजोडीनं, आणि दर थोड्या वेळानं शिट्टी मारून संघनायकानं आपल्या संघाची मोजणी करायची.

आता ते दहा कागद. काही खरंच निव्वळ फायलीसाठी असतात, मान्य. पण कुणाला दमा आहे, कुणाला फिट येते, कुणाला कसली ॲलर्जी आहे, आणि रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा, हे लिहिलेला एक कागद मास्तरांच्या खिशात हवाच. त्यावरच जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे त्याचं नाव, रुग्णवाहिकेचा 108 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे आकडे. रत्नागिरी, देवगडकडच्या कातळावर फुरसं हा विषारी साप असतो. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, मुलाला चालवायचं नाही. उचलून थेट रुग्णालयात न्यायचं. कांद्याचं म्हणाल, तर लाल विंचवाचं विष हृदयावर परिणाम करतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधानं असे कित्येक रुग्ण वाचवले. मूल घामाघूम झालं, उलट्या करू लागलं, तर कांदा चिरत बसू नका.

“पोरं पाण्यात पायसुद्धा बुडवत नाहीत.” कोण म्हणतं पाण्यापासून लांब ठेवा? पहिली स्काउट छावणी 1907 साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी या बेटावरच भरली होती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, तिथे न्या की. बेत मात्र मुलांकडूनच आखून घ्या. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब: तृतीयेला भरती सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी साडेआठच्या आसपास. हा अंदाज झाला, तो छापील वेळापत्रकाशी ताडून बघायचा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी पुरतं उतरत नाही, ते दिवस टाळायचे. तृतीयेला साडेसातला निघून पाणी उतरेल तसं पुढे सरकायचं आणि साडेनऊला, कितीही बुरूज बघायचे राहिले तरी, परत फिरायचं. ती साडेनऊची शिट्टी संघनायकांपैकी एकाच्या हातात द्या.