देव कधी हरतच नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रिय ताई,

रोजच्या जगण्यात देवाचं काम कसं ओळखावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "आईच्या कॅन्सरसाठी चर्चच्या अख्ख्या मंडळीने उपास-प्रार्थना केली. आई गेली. पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. त्याच सुमारास दुसऱ्या एका बाईंचं ऑपरेशन यशस्वी झालं आणि त्यांनी साक्ष दिली की देवाने वाचवलं. बरं झालं की देवाचं काम, वाईट झालं की देवाची इच्छा. असा देव कधी हरतच नाही. आणि डॉक्टरांचं श्रेय कुठे गेलं?" शेवटी विचारलंत, आता प्रार्थनेत बोलू तरी काय?

तुमचा मुख्य आक्षेप मला मान्य आहे. मनासारखं झालं ते देवाचं काम, ही कसोटी पवित्र शास्त्राचीही नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' ह्या पुस्तकाचा अध्याय 12 बघा. हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब, म्हणजे योहानाचा भाऊ, याला तलवारीने मारतो. लगेच दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकतो, आणि पेत्राला देवदूत साखळ्यांतून सोडवून बाहेर आणतो. राजा तोच, मंडळी तीच. याकोबासाठी कुणी गुडघे टेकले नसतील असं मला वाटत नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक ह्या दोन घटना एकापुढे एक ठेवतो आणि एक का वाचला, दुसरा का नाही, याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. गंमत म्हणजे पेत्र दाराशी आला, तेव्हा प्रार्थनेला बसलेल्या त्याच लोकांनी निरोप देणाऱ्या मुलीला वेडी ठरवलं. म्हणजे प्रार्थनेचा जोर मोजून उत्तर मिळतं, हा हिशेबही तिथे बसत नाही. आईसाठी केलेली प्रार्थना कमी पडली, असं कुणी तुम्हाला सुचवलं असेल तर ते मनातून काढून टाका.

आता "देवाची इच्छा" हे शब्द. "तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं," असं बायबलमधला योसेफ, ज्याला भावांनी खड्ड्यात टाकून विकलं होतं, त्याच भावांना म्हणतो. पण कधी? खड्डा, गुलामी, तुरुंग हे सगळं भोगून झाल्यावर, कितीतरी वर्षांनी, आणि स्वतःच्या तोंडाने. तो खड्ड्यात असताना काठावर उभं राहून हे वाक्य कुणी ऐकवलं असतं, तर ते क्रौर्य ठरलं असतं. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र नेमकं तेच करत होते. देवाची बाजू घेऊन त्यांनी दुःखाची कारणं सांगितली, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर झाला. ज्याचं दुःख त्याने त्यात देवाचा हात पाहिला तर ती साक्ष. दुसऱ्याने त्याच्यासाठी पाहून द्यायचा नसतो. तुमच्या दारात ते शब्द बोलायला नको होते, असं मला स्पष्ट वाटतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण फायद्या-तोट्याच्या हिशेबाने त्यांच्या वाट्याला तोटाच येतो. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती कॉलऱ्याने गेले. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये, आईच्या हयातीतच गेली. 1896-97 च्या दुष्काळात ह्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन, निराधार मुली-बायकांचा आश्रम, उभं राहिलं. मुक्ती मिशन झालं म्हणून दुष्काळ चांगला ठरत नाही. त्यांच्या आईचं भुकेने मरणं कशानेही भरून निघत नाही. पण ज्या भुकेने आपलं घर खाल्लं, तिच्या तोंडून परक्यांच्या मुली ओढून काढायला एखादं माणूस निघतं, तिथे मला देव काम करताना दिसतो. दुष्काळ पाठवताना दिसत नाही.

डॉक्टरांचं श्रेय कुणी काढून घेऊ नये. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे ह्या डॉक्टर जोडप्याने जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यांतल्या बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. विश्वासाने ते तिथे गेले, पण बाळं वाचली ती शिकवण्याने, स्वच्छ पाण्याने आणि त्या बायकांच्या पायपिटीने. देव आणि डॉक्टर यांच्यात श्रेयाची वाटणी करावी लागते असं मला वाटतच नाही. साक्ष देताना सर्जनचं आणि नर्सचं नावही घ्यावं, एवढं मात्र व्हायला हवं.

माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला. त्याला मी देवाची इच्छा म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. पण आजारपणात त्याने चुलतभावाला बोलावून बांधावरचा जुना दावा मागे घेतला. मागे घेऊ नकोस, असं वकील म्हणत होता, आम्हीही म्हणत होतो. हे त्याच्या मनात कुणी घातलं, याबद्दल मला शंका नाही. सिद्ध करून दाखवता येणार नाही. विश्वास ही निवड आहे असं मी म्हणतो, ती ह्याच ठिकाणी येते. पुरावा पुरेसा असता तर निवडायला काही उरलंच नसतं. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात, राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून आगीच्या भट्टीत टाकले जाणारे शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणाले, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. विश्वासाचं वजन मला त्या "नाही सोडवलं तरी" मध्ये दिसतं. भट्टीतून ते वाचले हे पुढचं. उत्तर त्यांनी आधीच दिलं होतं.

म्हणून आपल्या साक्षीच्या सभांत, ज्यांना हवं ते मिळालं नाही, त्यांनाही उभं राहता यायला हवं. त्यांनी शेवटी "तरी स्तुती असो" म्हणावं अशी अट न घालता.

आता प्रार्थनेत काय बोलायचं. बायबलमधलं स्तोत्र 88 काढा. त्यातला माणूस रात्रंदिवस देवाला हाक मारतो, तू मला का टाकलंस, तोंड का लपवतोस असं विचारतो, आणि स्तोत्र संपतं तेव्हाही तो काळोखातच असतो. कुणी त्याला शेवटी आनंदाची ओळ जोडली नाही, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात राहिलं. आईचं नाव घेऊन ते मोठ्याने वाचा. रागाने वाचलंत तरी चालेल, त्यात राग आहेच.