झ्यूस द्यौसचा भाऊ, लेक नव्हे

“ग्रीकांचे देव म्हणजे आपलेच वैदिक देव. इथून गेले, नावं बिघडली. द्यौसचा झ्यूस, वरुणाचा ऊरानोस, सारमेयाचा हर्मीस. गायी पळवण्याच्या कथाही ऋग्वेदातल्याच.” हा फॉरवर्ड पुन्हा आलाय.

आधी झ्यूस, कारण त्यात तथ्य आहे. द्यौष्पितर् (आकाशपिता), ‘झ्यूस पातेर’, लॅटिन ‘युपितेर’ एकाच मुळाचे. षष्ठीत संस्कृत ‘दिवः’, जुन्या ग्रीकमध्ये ‘दिवोस्’. पण म्हणून ‘इथून गेले’? संस्कृत आणि ग्रीक दोन्ही जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतले अ, ए, ओ हे ऱ्हस्व स्वर संस्कृतात मिसळून एकच ‘अ’ उरला. ग्रीकने तिन्ही जपले: अजति–आगो, दश–देका, अष्ट–ओक्तो. ज्वारी, बाजरी, गहू एकत्र दळल्यावर पिठातून दाणे निवडता येतात का? ग्रीक संस्कृतातून निघाली असती, तर हे तीन स्वर तिने आणले कुठून?

वरुण–ऊरानोस ऐकायला छान. पण ऊरानोस (ग्रीकांचा आकाशदेव) या नावाचं जुनं रूप ‘वोर्सानोस’ असावं आणि त्याचं नातं वर्षेशी, म्हणजे पावसाशी, असं आज बरेच अभ्यासक मानतात.

सारमेय–हर्मीस ही जोडी लावली १९व्या शतकात आडालबेर्ट कून या जर्मन पंडिताने. (म्हणजे ‘आपलं प्राचीन ज्ञान’ही नव्हे.) १९५२ साली मायकेल व्हेंट्रिसने जुन्या ग्रीकची लिनिअर बी लिपी उलगडली. त्या मातीच्या पाट्यांवर हे नाव ‘हेर्माहास’सारखं आहे, सारमेयाशी ना स्वर जुळतो, ना प्रत्यय. शिवाय हर्मीस जन्मल्या दिवशीच अपोलोच्या पन्नास गायी उलट्या पावली हाकत पळवतो. सारमेयाची आई सरमा, म्हणजे इंद्राची कुत्री, पणी या शत्रूंनी लपवलेल्या गायी शोधायला जाते. एक चोर, एक माग काढणारी.

गायी पळवणं तर मसाई लोकांतही आहे, आणि गुरं राखताना पडलेल्यांचे वीरगळ आपल्याकडे गावोगावी आहेत. नुसत्या गायींवरून नातं ठरत नाही. लक्ष वेधतात ती तीन डोकी. ऋग्वेदात (१०.८) त्रित आप्त्य त्वष्ट्याच्या तीन डोक्यांच्या मुलाला मारून गायी सोडवतो. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात आथ्व्याचा मुलगा थ्रएतओन तीन डोक्यांच्या अझी दहाकाला मारतो. मात्र तिथे गायींऐवजी दोन स्त्रिया येतात. ग्रीक वीर हेराक्लीस तीन शरीरांच्या गेरिओनला मारून गुरं आणतो. पहिल्या दोन कथांत नावंही जुळतात, म्हणून नातं पक्कं. ग्रीक कथेत त्रिताचं नाव नाही. तिथे मी ‘शक्य आहे’ एवढंच म्हणेन.

ग्रीकांनी उसनं घेतलंच नाही असंही नाही. क्रोनोस आपल्या बापाला, ऊरानोसला, खच्ची करतो, तसाच कुमार्बी हा देव आकाशदेव अनूला; ती कथा सापडली हित्ती या प्राचीन लोकांच्या पाट्यांवर, अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात). फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या नकाशात मात्र अनातोलिया नाहीच.