चित्रांना नंबर देऊ नका

नेरूळहून ठाण्याच्या गाडीत बसलेय. डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय. टायपिंगच्या चुका पोटात घाला.

आज कॉलेजच्या ग्रुपवर नोटीस आली. मुलींनी आर्ट थेरपीच्या तासाला काढलेली चित्रं लॉबीत लावायची, तपासणी कमिटी येतेय ना! वर 'उत्कृष्ट चित्रास प्रथम पारितोषिक'. अहो, रांगोळी स्पर्धा आहे का ही?

आमच्याकडे नर्सिंगच्या मुलींसाठी आठवड्यातून एकदा एक थेरपिस्ट बाई येतात. वॉर्डात पहिला मृत्यू बघून आलेल्या १९-१९ वर्षांच्या पोरी. बाई कागद देतात, खडू देतात. 'छान' म्हणत नाहीत, 'हे काय काढलंस' असंही विचारत नाहीत. 'याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतंय का', बस. मग चित्र पाकिटात, आणि पाकीट त्या मुलीचं. मुली मोकळ्या होतात त्या या बंद पाकिटाच्या भरवशावर. तेच फोडून भिंतीवर टांगायचं?

एकदा मीही बसले त्यांच्यात. 'वॉर्डातली एक वस्तू काढा' म्हणाल्या. सलाईनचा स्टँड काढायला घेतला आणि कागदावर उतरल्या हिरव्या बांगड्या.

२४ वर्षांपूर्वी, फिमेल मेडिकल वॉर्ड. मी पहिल्या वर्षाला. एका आजींचा हात सुजून टम्म, बांगड्या मांसात रुतलेल्या. सिस्टर म्हणाल्या, काढ त्या. साबणाचं पाणी लावलं, निघेनात. शेवटी खाली गॉझ सारलं आणि म्हटलं, "फोडते हं आजी." तर म्हणतात कशा, "फोडते म्हणू नये पोरी, वाढवते म्हण. आमचे हे बाहेर बसलेत."

तुकडे किडनी ट्रेमध्ये टणटण पडले. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी गेल्या. अहेव गेल्या, आणि हात मोकळे. मी मेसमध्ये जाऊन वरणभात खाल्ला. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

स्टाफरूममध्ये एक मॅडम म्हणाल्या, "आपण नाही का शिकलो चित्रं न काढता?" शिकलो की! म्हणून तर आपल्यातल्या निम्म्या जणी नातेवाइकांवर खेकसतात.

मान्य, खडूंनी नाइट ड्यूट्या कमी होत नाहीत. नुसती रंगवायची वही हातात देणं म्हणजे थेरपी नव्हे, हेही मान्य. पुढे.

एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयामुळे सॅनेटोरियममध्ये पडून होता. पलंगावरून दिसेल ते काढायचा. मग शेजारच्या पेशंटांनाही काढायला बसवलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्याचाच, १९४२ चा. त्या क्षयाच्या पेशंटांमध्ये पहिला नंबर कुणाचा आला, सांगता का?

एमबीबीएसवाल्यांनाही २०१९ पासून संवाद आणि नीतिमत्तेचे तास आलेत. माझी भाची त्याचं लॉगबुक भरते, रात्री साडेबाराला, मैत्रिणीचं बघून. आमच्या चित्रांचंही तेच होणार.

घणसोली गेलं. जरा शांत झाले. प्रिन्सिपॉल मॅडम वाईट नाहीत हो. कमिटीपुढे ठेवायला काहीतरी लागतं बिचाऱ्यांना. मुलींना कौतुक वाटेल, असंही त्यांना मनापासून वाटत असेल.

पण एका मुलीने अख्खा कागद काळा केलाय. खडू घासून घासून कागद फाटायला आलाय, आणि खाली कोपऱ्यात फक्त ती पिवळी पिशवी, कचऱ्याची. तास संपेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, जाताना मात्र पाकिटावर नाव घातलं आणि दोनदा चिकटपट्टी लावली. या चित्राला कितवा नंबर देणार? उत्तेजनार्थ?

आजींच्या बांगड्यांचे तुकडे मी तेव्हा फेकले नव्हते. गॉझमध्ये गुंडाळून आजोबांना दिले. त्यांनी न उघडता सदऱ्याच्या खिशात ठेवले.

मुलींना मेसेज टाकलाय, उद्या सकाळी आपापली पाकिटं माझ्याकडून घेऊन जा. मॅडम रागावणार. माझं मी आजच उचललं, पर्समध्ये आहे. डब्यातलं तेल लागलंय बहुतेक त्याला. ऐरोली आलं.